काकूंचं नाक आणि काकांचं वायरिंग

आमच्या बिल्डिंगमध्ये पेडणेकरकाका कोणाच्या दाराची बेल वाजवत नाहीत. ते दार हुंगतात. फटीशी नाक नेतात, डोळे मिटतात, छातीचा भाता भरून घेतात आणि आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "डाळ कालची. फोडणी नवी." आत कालच्या डाळीला नवी फोडणी देऊन एखादी माउली नुकतीच निःश्वास टाकणार असते. तो निःश्वास तिथंच अडकतो.

बाहेरचा कोणी हे पाहील तर पोलिसांना फोन करील. आम्ही मात्र डबी आणून देतो. डबी का, ते सांगतो, पण त्याआधी काका सांगायला हवेत.

अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या रस्त्यावर आमची बिल्डिंग आहे. आता जिथं आमची लिफ्ट बंद पडते, तिथं पूर्वी भाताचं खाचर होतं. काकांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला गेली. त्यामुळे जगात बिघाड एकाच प्रकारचा असतो यावर त्यांची श्रद्धा आहे. सून सासूशी भांडली, वायरिंग. पोरगा नापास झाला, वायरिंग. निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना मोबाइल दिला, आणि मोबाइलवर त्यांना मेंदू सापडला. देव भेटल्यावर माणूस जसा वागेल तसे ते तेव्हापासून वागतात.

"मेंदू म्हणजे काय रे सतीश? वायरिंग. जुनी लाइन जळली तर नवी टाकायची. साठीत टाक, सत्तरीत टाक, मेंदू नाही म्हणत नाही. फक्त रोज करंट सोडायला पाहिजे."

रोज करंट सोडायचा म्हणून ते डाव्या हातानं दाढी करू लागले. महिनाभर त्यांचा चेहरा रस्ता खोदल्यासारखा दिसायचा. मग त्यांनी पार्किंगमध्ये उलटं चालायला सुरुवात केली आणि पाण्याच्या टँकरवर मागून धडकणारे ते तालुक्यातले पहिले पादचारी ठरले. टँकरला पोचा आला. माझा तसा दावा आहे, टँकरवाल्याचाही होता.

पुढचा प्रयोग आमच्यावर झाला. रागाला नाव दिलं की मेंदूतला भोंगा बंद होतो, असं त्यांनी कुठंसं ऐकलं होतं. पार्किंगवरून सोसायटीची मीटिंग पेटली तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, की आधी भावनेचं नाव सांगायचं, मग बोलायचं. तळमजल्यावरचे म्हात्रे शांतपणे उठले आणि म्हणाले, "मला राग आलेला आहे. ह्या सावंताच्या गाडीची मी काच फोडणार आहे." सावंतही उठले, म्हणाले, मला भीती वाटते आहे, पण मी म्हात्र्यांच्या टाळक्यात खुर्ची घालणार आहे. इतकी सभ्य मारामारी अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात पुन्हा झाली नाही.

तर असे काका. आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांच्यासोबत सुमतीकाकू. काकूंना मेंदूबिंदू मान्य नव्हता. त्यांच्याकडे नाक होतं.

त्या नाकाबद्दल मी जे सांगेन त्यातलं निम्मं तुम्ही सोडून द्या, तरी उरेल ते पुष्कळ आहे. संध्याकाळी एमआयडीसीकडून वास सुटला की आम्ही खिडक्या लावायचो. काकू खिडकी उघडून सांगायच्या, रंगवाल्यांची दुसरी पाळी सुरू झाली. बाहेर बसून आलेले नवरे तिसरा मजला श्वास रोखून चढायचे. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत रोखलेला श्वास पुढं पुरायचा नाही आणि ऐन काकूंच्या दारात सुटायचा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकांना ब्रँडसकट माहिती मिळायची.

पण ह्या नाकाची खरी कचेरी भरायची ती उन्हाळ्यात, मसाल्याच्या वेळी. वर्षाच्या मसाल्याचं भाजणं म्हणजे गंमत नाही. धणे, खोबरं, खसखस, प्रत्येकाची वेळ वेगळी. रंग बदलायच्या आधी वास बदलतो, आणि उतरवायचं असतं ते त्या दोहोंच्या मधल्या क्षणात. डोळ्यावर विसंबलात तर गेलात, डंकावर कुटून आणल्यावर मसाला वर्षभर कडू लागतो. म्हणून सगळ्या बिल्डिंगच्या बायका गच्चीवर शेगड्या मांडायच्या आणि काकू मध्ये स्टुलावर बसायच्या. हातात झारा नाही, काही नाही. डोळे मिटून बसायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "म्हात्रेबाई, उतरवा." म्हात्रेबाई उतरवायच्या. हायकोर्टाचा निकाल कोणी इतक्या मुकाट्यानं मानत नाही.

गेल्या दिवाळीनंतर काकूंना ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला.

आधी त्यांना वाटलं सर्दी आहे. मग एक दिवस गॅसवरचं दूध आटून, करपून पातेलं कोळसा झालं. शेजारपाजारचे धावत आले, तर काकू गॅसकडे पाठ करून निवांत लसूण सोलत बसलेल्या. त्यांनी वळून पातेल्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेवर मला विनोद सुचत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, नाक ठीक आहे, नाकाकडून मेंदूकडे जाणारी नस झोपलीय. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी असे वास रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला द्या, मनात आठवण काढत हुंगायला सांगा. उठेल, किंवा नाही उठणार. काकूंनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. घरी येऊन म्हणाल्या, आजपासून खिचडी. बोलणंही मग खिचडीइतकंच उरलं. बायका मसाल्याचं विचारायला गेल्या तर म्हणाल्या, यंदापासून विकतचा आणा. आमच्या जिन्यात त्या दिवशी सुतक होतं.

काकांनी मात्र डॉक्टरांचं फक्त पहिलं वाक्य ऐकलं होतं. नस झोपलीय, म्हणजे लाइन टाकायची. मसाल्याचे दिवस यायच्या आत काकूंना स्टुलावर बसवायचंच, हे त्यांनी मला बजावून सांगितलं, जणू मीच वाटेत आडवा पडलो होतो.

"बघ, डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं सगळं आधी मेंदूच्या गेटवर एंट्री करतं. वास एकटा असा आहे, की तो गेटवर थांबत नाही. थेट साहेबांच्या केबिनमध्ये. आणि आठवणींचं कपाट तिथंच. योग्य वास सापडला की कपाट उघडलंच."

"पण काका, डॉक्टरांनी चारच सांगितलेत."

"चारात काय होतंय? तिचं लग्न काय निलगिरीशी झालंय?"

मग त्यांनी घरातल्या सगळ्या कुंकवाच्या डब्या रिकाम्या केल्या आणि अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर अशी तिन्ही गावं हुंगत सुटले. दारं हुंगणं तेव्हापासूनचं. चांगला वास आला की डबीभर मागायचा. पहिले काही आठवडे त्यांची कामगिरी भयंकर होती. आयुष्यभर केमिकलमध्ये काढलेलं नाक ते, हिंगाला डांबरगोळी म्हणायचं. पण दोन वेळा, रोज, न चुकता. हळूहळू नेम लागायला लागला. इतका, की मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सेक्रेटरींच्या दाराशी उभं राहून त्यांनी शाबासकीच्या सुरात सांगितलं, "वा, बोंबील. रव्यात घोळवलेले." सेक्रेटरींच्या मातोश्री गावाहून खास उपासाला आल्या होत्या. पुढं काय झालं ते सेक्रेटरी अजून सांगत नाहीत.

उल्हासनगरला ते जीन्सच्या दुकानात गेले. लग्नानंतरचे काकूंचे पहिले कपडे त्याच बाजारातून घेतले होते म्हणे, कोऱ्या कापडाचा वास पाहिजे. दुकानदार म्हणाला, "साईं, साइज बोलो." काका म्हणाले, "साइज नहीं, वास." सिंधी माणूस ग्राहकाला नाही म्हणत नाही, पण इथं त्याला काय विकावं ते कळेना. सगळी कथा ऐकल्यावर त्यानं कापडाची कात्रणं दिली, वर घरून पापड भाजून मागवला आणि तोही डबीत चुरून दिला. बदलापूरहून जांभळाची पानं आली. शिवमंदिरात तर काकांनी गाभाऱ्याच्या पायऱ्यांवर डबी उघडून धरली आणि पटकन झाकण लावलं. तिथल्या रखवालदारानं हटकलं, काय नेताय?

"हवा," काका म्हणाले.

रखवालदारानं डबी उघडून बघितली. काका परत आत गेले आणि पुन्हा भरून आणली.

रोज सकाळ-संध्याकाळ काकू खुर्चीत बसायच्या, डोळे मिटायच्या आणि नाकाशी धरलेल्या डबीला म्हणायच्या, "नाही." काका दुसरी डबी धरायचे. "नाही." कधी रागानं नाही, कधी थकून नाही. मार्च आला, गच्च्यांवर मिरच्या वाळायला पडल्या, आणि तिसऱ्या मजल्यावर "नाही" चालूच होतं.

एका रविवारी काकांनी मला अंपायर म्हणून बोलावलं. टेबलावर डब्या मांडल्या होत्या. लवंग. "नाही." कात्रणं. "नाही." जांभूळ. काकूंनी नुसती मान हलवली. पुढची डबी उचलायला काकांनी त्या दिवशी जरा जास्तच वेळ लावला, ते मला दिसलं. डोळे मिटलेल्या काकूंना कसं दिसलं, देव जाणे. पुढची डबी नाकाशी आली तशा त्या थांबल्या. कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा हुंगलं.

"वेलची," त्या म्हणाल्या. "अहो, वेलची आहे का?"

काकांनी डबीचं झाकण लावलं आणि जे ओरडले ते चिखलोलीला होऊ घातलेल्या स्टेशनावर ऐकू गेलं असेल. वेलची, वेलची करत ते जिना उतरले, पुन्हा चढले. दारं उघडली. बायका आल्या, म्हात्रेबाई रडल्या, सेक्रेटरींनीसुद्धा झालं गेलं विसरून हात मिळवला. तासाभरात ठरलं, उद्या सकाळी गच्चीवर शेगड्या. काकू "अहो, पण," एवढंच म्हणत होत्या, आणि त्या गलबल्यात ते कोणी ऐकत नव्हतं.

मी काकांना जिन्याच्या वळणावर गाठलं आणि अभिनंदन केलं. त्यांनी खिशातून डबी काढून माझ्या हातात दिली. मी उघडली. आत काही नव्हतं. धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेली डबी.

"प्रयोगात एक रिकामी ठेवायची असते," ते म्हणाले. "नाहीतर खरं काय ते कळत नाही."

"म्हणजे काकू…"

"खोटं बोलली." त्यांनी डबी परत खिशात टाकली. "दिवाळीपासून ती माझ्याशी नुसतं खरं बोलत होती रे. आज पहिल्यांदा वाटलं तिला, ह्या म्हाताऱ्याला बरं वाटेल असं काहीतरी म्हणावं. त्याला मेंदूचा पुढचा भाग लागतो, माहितेय? समोरच्याचं मन ओळखायचं, त्याप्रमाणे बोलायचं. मोठी लाइन आहे ती. चालू आहे."

"पण उद्याचं काय?"

काका जिना चढायला लागले. मेंदूवर व्हिडिओ खूप आहेत, उद्यावर नाहीत.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर शेगड्या पेटल्या. काकू स्टुलावर येऊन बसल्या. पांढऱ्याफटक पडल्या होत्या. वर्षभराचा मसाला, सगळ्या घरांचा, आणि पदराखाली त्यांचे हात एकमेकांना घट्ट धरून होते. काका त्यांच्या मागे वर्तमानपत्र घेऊन बसले. गच्चीवर पुरुषांनी बसायची पद्धत नाही. कोणीतरी टोमणा मारला, काका म्हणाले, उन्हातलं व्हिटॅमिन घेतोय. मी पाण्याची टाकी बघायच्या निमित्तानं तिथंच रेंगाळलो.

म्हात्रेबाईंचे धणे तडतडायला लागले. काकूंनी डोळे मिटले. झारा फिरत होता, काकू गप्प. एक-दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात वर्तमानपत्रामागं काका खोकले.

"उतरवा," काकू म्हणाल्या.

म्हात्रेबाईंनी उतरवले. परातीत ओतून हातात चोळून पाहिले, आणि बेताचे, अगदी बेताचे भाजले गेले होते. मग खोबरं. मग खसखस. काकांचं वर्तमानपत्र पहिल्या पानाच्या पुढं सरकलं नाही. डोळे त्यांचे मिटलेलेच होते. दुपारपर्यंत त्यांनी इतकं खोकून घेतलं, की खालच्या मजल्यावरून कोणीतरी काढा पाठवला.

मसाला डंकावर गेला, शेगड्या विझल्या. काकू पदरानं घाम पुसत जिन्याकडे निघाल्या. चेहऱ्यावर जुना तजेला होता. मला राहवलं नाही. हळूच विचारलं, काकू, वास आला का?

काकूंनी मागं वळून पाहिलं. काका वर्तमानपत्राची घडी घालत होते, चुकीच्या रेषेवर, नेहमीप्रमाणे.

"आला की," त्या म्हणाल्या. "जरा खोकतो, एवढंच."