व्हार्झुलचा किल्ला कसा पडला

"माझं जग खरं आहे!" लेलंड व्हॉसबर्ग छाती फुगवून सांगायचा. "बाकीच्यांची जगं म्हणजे नाटकातले पडदे. माझ्या जगात नदी उताराकडेच वाहते आणि घोडा दमला की थांबतो!"

विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेत इतिहास शिकवणारा हा गृहस्थ बारा वर्षं एक जग रचत होता. नाव थ्रॅम्बोरिया. रविवारी दुपारी मित्र त्याच्या तळघरात सॉसेज आणि बिअर घेऊन जमायचे, टेबलाभोवती बसायचे आणि थ्रॅम्बोरियात शिरायचे. कुणी जादूगार व्हायचं, कुणी योद्धा. काय करणार ते त्यांनी सांगायचं, जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं आणि पुढं काय झालं ते लेलंडनं सांगायचं. नियम एकच: खऱ्या जगात जे चालतं, ते थ्रॅम्बोरियात चालतं. फासा चांगला पडला तर खुद्द लेलंडलाही नाही म्हणता येत नसे. हा नियम त्यानं स्वतः रंगवून भिंतीवर टांगला होता. हौस दांडगी!

आजचा रविवार मात्र साधा नव्हता. टोळीतला सगळ्यांत जुना भिडू ऑर्विन मंगळवारी कायमचा अ‍ॅरिझोनाला निघाला होता. त्याच्या गुडघ्यांना आता थंडी सोसत नव्हती. म्हणजे दुष्ट सम्राट व्हार्झुलच्या किल्ल्यावरची शेवटची लढाई आज झाली तर झाली, नाहीतर कधीच नाही. या लढाईसाठी लेलंडनं उन्हाळाभर खपून प्लास्टरचा किल्ला बनवला होता. शेजारीपाजारी तळ्यावर मासे मारत होते आणि हा तळघरात बुरूज घासत होता! तो किल्ला आता पिंगपाँगच्या टेबलावर चादरीखाली होता. लढाईला तोंड लागलं की चादर ओढायची आणि ऑर्विनचा चेहरा बघायचा, एवढंच लेलंडला हवं होतं.

पण नेमकी माशी शिंकली. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला आणि चौथा भिडू बंदूक घेऊन रानात पळाला. जखमा बऱ्या करणारी पुजारीण व्हायला कुणी उरेना. लेलंडनं बायकोला गळ घातली.

"मला नाही बाई येत तुमचं ते," मार्लिस म्हणाली. ती घरं विकायचा धंदा करायची आणि तिच्या मते तळघर ही कपडे धुवायची जागा होती.

"काही यावं लागत नाही. कुणी जखमी झालं की बरं करायचं. बाकी गप्प बसायचं."

हे 'गप्प बसायचं' त्यानं म्हणायला नको होतं.

खेळ सुरू झाला. लेलंडनं आवाज खर्जात नेला. "तुम्ही व्हार्झुलच्या डोंगराच्या पायथ्याशी एका गावात पोचता. धुकं पडलंय. बाया नदीचं पाणी डोक्यावर घेऊन चढ चढतायत. गेली तीन हजार वर्षं त्या अशाच..."

"किती?" मार्लिसनं विचारलं.

"तीन हजार."

"आणि तीन हजार वर्षांत एकाही बाप्याला तिथं कप्पी लावायचं सुचलं नाही?"

"अगं, इथं जादू असते!"

"मग जादूनं चढवा ना पाणी! तुमचा जादूगार काय करतो?"

सगळ्यांनी ऑर्विनकडे पाहिलं. ऑर्विनचा जन्म वीज कंपनीत गेला होता. त्यानं दाढी खाजवली. "खरंय की. बोटातून आग काढतो मी, आणि बारा वर्षं नुसती माणसं भाजतोय! त्या आगीवर बंद हंडा ठेवला, वाफ कोंडली, तर पंप चालेल."

"ऑर्विन, किल्ला राहिला रे!" लेलंड कळवळला.

"एकच फासा टाकतो."

वीस बाजूंचा फासा गरगर फिरला आणि वीसवर थांबला. झालं! थ्रॅम्बोरियात वाफेचं इंजिन आलं.

टोळीतला योद्धा ड्युएन दुधाचे टँकर दुरुस्त करायचा. बारा वर्षांत तो खेळात एकच वाक्य बोलला होता: "मी त्याला हाणतो." तो एकदम उभा राहिला. "मी लोखंड हाणतो! पाइप करतो! रूळ करतो!"

लेलंडच्या तोंडचं पाणी पळालं. मंडळींना डोंगराकडे वळवायलाच हवं होतं. त्यानं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "आभाळ लाल होतं! व्हार्झुलचा ड्रॅगन गावावर झेपावतो! त्याच्या जबड्यातून ज्वाळा..."

"आपोआप येतात?" मार्लिस पुढं सरकली. "लाकूड नको, कोळसा नको?"

"अगं, तो ड्रॅगन आहे! पळा!"

"पळा कशाला? पकडा त्याला! ऑर्विनला किती वेळ हंड्याखाली बोट धरायला लावणार?"

अर्ध्या तासात ड्रॅगन बॉयलरला जुंपला गेला. दुपारच्या जेवणाला सुट्टी आणि आठवड्याला दोन मेंढ्या! लेलंडनं चिडून जगावर काळोख पसरवला, तर यांनी रस्त्यावर दिवे लावले. त्यानं राक्षसांची फौज धाडली. फौजेला गरम पाण्याची आंघोळ मिळाली, आणि तीन हजार वर्षांत पहिल्यांदाच अंगाची खाज थांबल्यामुळे ती तिथंच वस्ती करून राहिली.

लेलंडनं चादरीकडे पाहिलं. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं. शेवटी त्यानं व्हार्झुललाच टेकडीवर आणून उभा केला आणि गरजला, "क्षुद्र मानवांनो! मी तुमचा सर्वनाश करीन!"

"बसा," मार्लिस म्हणाली. "किल्ला डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे तुमचा?"

लेलंड अडखळला. पण त्याचं जग खरं होतं, खोटं सांगणार कसं? "उत्तरेच्या."

"म्हणजे ऊन नाही. भिंतींना ओल?"

"...आहे."

"आणि झोपायच्या खोलीत?"

"बर्फ साचतो," लेलंड पुटपुटला.

"बघा! तीन हजार वर्षं माणूस ओलीत झोपलाय. चिडचिड होणारच! आमचा गरम पाण्याचा पाइप वरपर्यंत घेऊन जा आणि सर्वनाशाचं सोडा."

व्हार्झुलच्या वतीनं लेलंडनं फासा टाकला. पडला एक, म्हणजे सपशेल हार! दुष्ट सम्राटानं डोळे पुसले आणि तहावर सही केली.

"वा!" ऑर्विननं जाकिटाची चेन ओढली. "झकास संपवलंस रे लेलंड. घरी बायको वाट बघतेय, सामान बांधायचंय."

"संपलं नाही!" लेलंड असा ओरडला की ड्युएनच्या हातातलं सॉसेज पडलं. "मला तू इथं, या किल्ल्यावर हवा होतास! हे तुझ्यासाठी केलं मी, गाढवा!" आणि त्यानं चादर ओढली.

बुरूज, खंदक, झरोके, तटावरचे नखाएवढे पहारेकरी. ऑर्विन गुडघे विसरून खाली वाकला. "आईशप्पथ," तो एवढंच म्हणाला आणि त्यानं नाक ओढलं.

"किती सुंदर रे," मार्लिस मनापासून म्हणाली. तिनं किल्ल्याला सावकाश एक फेरी मारली. "फक्त... संडास कुठाय?"

"काय?"

"तटावर एवढे पहारेकरी ठेवलेस. मग?"

लेलंडचे कान लाल झाले. व्हार्झुलची ओल त्यानं कबूल केली होती, पण हे वर्मी लागलं. त्याचं जग आणि संडासाशिवाय! "विसरलो," तो म्हणाला. "आत्ता करतो." आणि त्यानं फळीवरचं ड्रिल उचललं.

"मोठ्या बुरुजातून खाली घे," ड्युएननं बोट दाखवलं. "उतार मिळेल."

ड्रिल गुरगुरलं. बुरुजाला एक केसाएवढी चीर गेली, ती तटावर धावली, तिथून दरवाज्यावर, आणि उन्हाळाभराचा किल्ला धडाड्दिशी बसला! पांढऱ्या धुळीत कुणाला कुणी दिसेना.

"पडला!" धुळीतून ऑर्विनची आरोळी आली. "व्हार्झुलचा किल्ला पडला! लेलंड, बारा वर्षांनी पाडला रे आपण!" त्यानं लेलंडला मिठी मारून उचललं. म्हातारा रडत होता, हसत होता, आणि जायचं नाव काढत नव्हता. ड्युएन उरलेल्या तटाला दणादण हाणत होता.

मार्लिसला लागोपाठ शिंका आल्या. "आता त्या बिचाऱ्या सम्राटाला राहायला जागा लागेल," ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्याकडे दोन चांगली घरं आहेत. दक्षिणेकडून ऊन येतं."

लेलंडनं केसांतलं प्लास्टर झटकलं.

"त्यांत संडास आहेत ना?" त्यानं पडेल आवाजात विचारलं.