बाहेरून आलेला आवाज

ऋताने ओठ घट्ट मिटले होते, कारण नियमच तसा होता. जगभरचे लोक फुकट राबून एक संगणकप्रणाली बनवतात. तिच्यावर चित्र दिसायला, आवाज यायला बाहेरच्यांनी केलेले प्लगइन, म्हणजे छोटे जोडप्रोग्राम, बसवावे लागतात. ते कसे बसवायचे, याचे मराठी टिपण तिने चार महिने खपून लिहिले होते. आता काहीच माहीत नसलेल्या माणसाने ते वाचून, तिला एक शब्दही न विचारता, व्हिडिओ लावून दाखवायचा. जमले तरच प्रणालीवाले टिपण स्वीकारणार, आणि मुदत आज संपत होती.

काहीच माहीत नसलेला माणूस घरातच होता. वेंगुर्ल्याच्या एका वाचनालयाचे कारकून विश्रामकाका. त्यांनी चाचणीला धोंडूतात्यांनी रावण केलेल्या दशावताराची चाळीस वर्षांपूर्वीची, संगणकावर उतरवलेली फीत काढली आणि खुद्द तात्यांनाही घरी बोलावले. तात्या आले ते अख्खी वाडी घेऊन.

"'प्लगइन कोणी केले ते आधी पाहा,'" काकांनी मोठ्याने वाचले आणि खरोखरच पाहिले. "अरे बापरे! हो माणूस बारा वर्सां फुकट राबता? पगार नाय, पेन्शन नाय?"

सगळी वाडी त्या परदेशी नावाकडे हात जोडल्यासारखी बघत राहिली.

अखेर चित्र आले. पडद्यावर तरणाताठा रावण तावातावाने ओठ हलवू लागला.

"आवाज खंय रे, विश्राम?" तात्यांनी विचारले.

"थांब, पयला पान संपांदे!"

आवाजाचे प्लगइन दुसऱ्या पानावर होते. ऋताला ते सांगायची मुभा नव्हती. काका शांतपणे चष्मा पुसू लागले आणि लोक उठू लागले.

तेव्हा तात्या काठी टेकत उभे राहिले. दशावतारात संवाद लिहिलेले नसतातच. उभ्या उभ्या रचायचे. "कैलास हलवणारे हे वीस बाहू!" पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याच्या छातीतून असा आवाज निघाला की उठलेले लोक मुकाट खाली बसले.

तेवढ्यात काकांनी दुसरे पान संपवून फीत पुन्हा लावली. पडद्यावरचा रावण गरजला, "लंकेचा स्वामी मी!"

तात्या क्षणभरच दचकले. "मी असताना स्वामी म्हणवणारा तू कोण रे पोरा?"

मग अर्धा तास दोन रावण भांडले. कोणाची पापणी लवली नाही.

काकांनी चाचणीचा अहवाल भरला. 'आवाज आला का?' या प्रश्नापुढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, 'दोन इले.'

टिपणे तपासणाऱ्या पुण्याच्या बाईंचे उत्तर तासाभरात आले: टिपण स्वीकारले, मात्र दुसरा आवाज कोणत्या प्लगइनचा, याची नोंद राहिली आहे.

तात्या बशीतला चहा फुंकत होते. ऋताने त्यांच्याकडे डोळे भरून पाहिले आणि त्या नोंदीत लिहिले, 'कर्ते: धोंडूतात्या, वेंगुर्ले. पर्याय उपलब्ध नाही.'