शेवाळे सर पडत नाहीत

आमच्या बिल्डिंगमधले शेवाळे सर सगळ्या जगाला ‘लीडर’ म्हणतात. रिक्षावाल्याला म्हणतात, भाजीवालीला म्हणतात, जिन्यात झोपलेल्या कुत्र्यालाही म्हणतात. “काय लीडर, मेथी कशी?” असं विचारून मेथी स्वस्त होत नाही. भाजीवालीनं एकदा मलाच गाठलं. “ते लीडर म्हणत्यात अन् वर कोथिंबीर फुकट मागत्यात. मंग लीडर मी का ते?”

सर ‘लीडरशिप डेव्हलपमेंट कन्सल्टंट’ आहेत. आधी ते विमा विकत, मग पाणी शुद्ध करायची मशीन. पुढे कुठल्याशा हॉटेलात कुणाचं तरी भाषण ऐकायला गेले आणि परत आले ते जणू सूट घालूनच. तेव्हापासून कंपन्यांमध्ये जाऊन ते लोकांना टाळ्या वाजवायला लावतात आणि सांगतात, “तुमच्या आत एक लीडर झोपलाय.”

माझे वडील सातपूरच्या कारखान्यांमध्ये युनियनचं काम करत. आमच्या स्वयंपाकघरात डब्यांखाली वर्तमानपत्राऐवजी जुनी पत्रकं अंथरलेली असत. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. त्यामुळे माझं मत सरळ आहे. कामगाराच्या आतला लीडर झोपलेला नसतो. तो जागा असतो, म्हणून तर त्याची बदली होते.

हे मी सरांना तोंडावर सांगितलं. ते प्रसन्न हसले. “एनर्जी जबरदस्त आहे, लीडर. फक्त चॅनलाइज करायची.”

त्यांची कीर्ती दूरवर आहे. लासलगावला कांद्याच्या व्यापाऱ्यांना त्यांनी सांगितलं, “दोन मिनिटं शांत बसा आणि शेजाऱ्याचं मन ऐका.” बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला आणि अख्खा हॉल लिलावाला पळाला. सर मात्र अजून सांगतात की एवढी झटपट निर्णयक्षमता त्यांनी दुसरीकडे पाहिली नाही.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘सेक्रेटरी कोण होणार?’ हा प्रश्न आला की सगळे फरशीकडे बघतात. सर्वांत खोल सर बघतात. “मी लीडर घडवतो,” ते म्हणाले, “होत नाही.”

त्यांचा हुकमी खेळ म्हणजे ‘विश्वास’. एकानं पाठ करून उभं राहायचं, हात छातीवर, डोळे मिटलेले, आणि फळीसारखं सरळ मागे पडायचं. मागच्यानं झेलायचं. सरांनी या खेळात मॅनेजर पाडले, मुख्याध्यापक पाडले, एका पतसंस्थेचं संचालक मंडळ ओळीनं पाडलं. स्वतः मात्र कधी पडले नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणत, “माझा रोल फॅसिलिटेटरचा.” मालकवर्गाचं तत्त्वज्ञान याहून थोडक्यात सांगता येणार नाही, असं मी आमच्या कारखान्याच्या गेटवर वाटलेल्या एका पत्रकात लिहिलंही होतं.

मी सातपूरच्या ज्या कारखान्यात स्टोअरला आहे, तिथेच सर एकदा आले. बारा तासांची पाळी येणार अशी कुजबूज होती, आणि ती यायच्या आधी कामगारांमध्ये ‘विश्वास निर्माण करायचा’ होता. पहिलं सत्र मोठ्या साहेबांना आवडलं तर सरांना वर्षभराचं काम मिळणार होतं. जिन्यात भेटले तेव्हा सर म्हणाले, “एवढं झालं ना लीडर, की सुटलो. दारोदार फिरणं बंद.”

कँटीनमधली टेबलं भिंतीला लावली. आधी मोठे साहेब पडले. झेलायला एवढे हात आले की साहेब जमिनीपेक्षा छताच्या जवळ गेले. टाळ्या झाल्या.

मग फिटर पगारेदादा पुढे आले. “आता मी पडतो. झेलायचं साहेबांनी.”

साहेब हसत मागे उभे राहिले. पगारेदादांनी डोळे मिटले.

“हाय ना साहेब मागं?”

“आहे, आहे.”

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. फोन कानाला लावून ते बाजूला झाले, आणि दादा मागे पडायला निघाले.

सर माइक टाकून धावले. खाली फरशीवर सर, त्यांच्या अंगावर पगारेदादा, आणि शिट्टी मारत लोळणारा माइक. सरांचं कोपर खरचटलं, सुटाची बाही उसवली. दादांना काही झालं नाही.

साहेब फोनवर हात ठेवून म्हणाले, “चालू द्या शेवाळे, पुढचा गेम घ्या.”

सरांनी माइक उचलला. मला वाटलं, आता हा माणूस टाळ्या वाजवायला लावणार.

“साहेब,” ते म्हणाले, “तुम्ही मागे नव्हता.”

एवढंच. माइक चालू होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आणि वर्षभराचं काम तिथेच संपलं, हे कँटीनच्या शेवटच्या माणसालाही कळलं.

पगारेदादा म्हणाले, “सर, आता तुम्ही पडा. आम्ही हाय ना.” सगळे पुढे सरकले. सरांनी मान हलवली आणि बॅग उचलून निघून गेले.

संध्याकाळी ते मला गच्चीवर दिसले. सूट नव्हता, बनियन होता.

“लीडर, जरा मागे उभा राहतोस?”

त्यांनी पाठ केली, हात छातीवर घेतले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मान वळवून त्यांनी मी आहे का, ते पाहिलं.

“सेशनच्या आदल्या दिवशी आमची प्रॅक्टिस असायची,” ते म्हणाले. “मी पडायचो, ही झेलायची. पोळ्या अर्धवट टाकून यायची, शर्टाला पिठाचे हात लागायचे. अंगानं माझ्या निम्मी होती, पण एकदाही सोडलं नाही. ती गेली, त्यानंतर पाठीमागे कुणी आहे, हे खरंच वाटत नाही रे.”

माझ्या खिशात फोन वाजायला लागला. मी तो वाजू दिला.

“पडा सर,” मी म्हणालो.

ते पडले. चांगलेच जड होते. मी मागे भेलकांडलो, पाण्याच्या टाकीला पाठ लागली म्हणून दोघंही उभे राहिलो. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“लगेच सोडू नकोस,” ते म्हणाले. लीडर म्हणायचं विसरले.