सांडशी आणि पाथ

तीस वर्षं ग्रंथपाल होतो. माझ्या हाताखालची वस्तू कधी हरवली नाही! निदान, मला तसं वाटतं.

वाचनालयाच्या शताब्दीची स्मरणिका मी घरच्या कॉम्प्युटरवर तयार करत होतो. पाचच्या आत पीडीएफ छापखान्यात गेली नाही, तर अध्यक्ष भर सभेत माझं नाव घेणार होते. माझं नाव कुणी मोठ्यानं घेतलं तरी मला घाम फुटतो.

सून रुचितानं सगळी जोडणी करून दिली होती. लिहायच्या प्रोग्राममध्ये एक प्लगइन. बटण दाबलं की तो एका अवजाराला, म्हणजे दुसऱ्या छोट्या प्रोग्रामला, हाक मारणार आणि अवजार पीडीएफ काढणार. चार वाजता बटण दाबलं.

"अवजार सापडत नाही!"

असं कसं? कालच तर मी ते फायलींच्या गर्दीतून काढून 'अवजारे' या फोल्डरमध्ये नीट ठेवलं होतं! हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत त्याचा पूर्ण पत्ता लिहून हाक मारली, तर त्यानं शहाण्या विद्यार्थ्यासारखी ओ दिली. मग प्लगइनलाच का दिसेना?

रुचिताला कागलला, तिच्या कारखान्यात फोन लावला.

"पप्पा, हलवलंय व्हय ते?"

"हलवलं नाही. वर्गीकरण केलं."

"अवो, प्लगइन घरभर हुडकत न्हाय! पाथ म्हणून पत्त्यांची यादी असती, तेवढ्याच जागा बघतोय. त्यात नवा पत्ता घाला. मी मीटिंगमध्ये हाय!"

यादी उघडली. ना अकारविल्हे, ना विषयवार! रद्दीच्या गठ्ठ्यासारखी. मला राहवलं नाही. सवयीनं ती कार्डावर उतरवून घेतली, मग सगळी पुसून नव्या पत्त्याची एकच स्वच्छ ओळ लिहिली. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. अवजार सापडलं! पण त्या अवजारालाही एक मदतनीस प्रोग्राम लागत होता.

"मदतनीस सापडत नाही!"

त्याचा पत्ता मी पुसलेल्या यादीत होता. आणि कार्ड? मी ते योग्य जागी ठेवलं होतं. योग्य जागा कोणती, तेवढं आठवेना.

"अहोऽ, सांडशी कुठं हाय?" स्वयंपाकघरातून माझी बायको सीताबाई ओरडली. काल तिथलंही वर्गीकरण केलं होतं.

"आधी माझं कार्ड बघ ना!"

पावणेपाचला ती वाणसामानाच्या याद्यांचा डबा घेऊन आली. "ह्ये काय, सी, दोन टिंबं, तिरकी रेघ? कुठल्या दुकानातलं सामान म्हणायचं ह्ये?"

यादी म्हणून याद्यांत ठेवलं होतं! अक्षर न् अक्षर परत टाइप केलं, शेवटी 'अवजारे' जोडलं, प्रोग्राम पुन्हा चालू केला आणि बटण दाबलं. चार अठ्ठावन्नला पीडीएफ छापखान्याकडे गेली!

सभेत आता माझं नाव निघणार नव्हतं. मी घाम पुसला.

तेवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला. त्याच्यामागून, लग्नातल्या उखाण्यानंतर बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा सीताबाईचा आवाज आला:

"वर्धमाऽऽन! सांडशी!"