धोंड्याच्या महिन्यात हीटर

बोनेट

हरिओम बोनेटच्या मागच्या बिजागऱ्यांचे बोल्ट ढिले करत होता. ओट्यावर बसलेले त्याचे वडील, अप्पाराव, बराच वेळ नुसते बघत होते.

"काय करून राह्यला?"

"हवा खेळवून राह्यलो, नाना."

"कुठं?"

"इंजिनात. मागून बोनेट बोटभर उचललं की गरमी निघून जाती."

अप्पारावांनी विचार केला. "ट्रॅक्टरचं बोनेट तर आपण उन्हाळाभर काढूनच ठेवतो. हिचंबी काढून टाक."

"ही कार हे, नाना. बिनाबोनेटची गाडी दाजीसमोर नेऊ का?"

दाजींचं नाव निघताच अप्पारावांनी सूचना मागे घेतली.

दाजी म्हणजे बद्रीनाथ, अप्पारावांचे एकुलते एक जावई. मंठ्यात बी-बियाणांचं दुकान. अधिक महिना, म्हणजे अप्पारावांच्या टेंभुर्णी गावच्या भाषेत धोंड्याचा महिना, तीन वर्षांनी येतो, आणि त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे असतात. मागच्या धोंड्याच्या महिन्यात हरिओम दाजींना आणायला मोटरसायकलवर निघाला आणि वाटेत साखळी तुटली. एसटीतून उतरलेले बद्रीनाथ राजूरच्या फाट्यावर भर पावसात बायकोसोबत, म्हणजे अप्पारावांच्या सुरेखासोबत, उभे राहिले. शेवटी कुणाच्या तरी टेम्पोत बसून आले, पाटावर बसले, "भूक न्हाई" म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीनं सुरेखाला घेऊन परत गेले.

तेव्हापासून सुरेखाचं माहेर म्हणजे फक्त लग्न आणि तेरावं. सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं. खांद्यावरची पर्ससुद्धा खाली ठेवायची नाही. "पोरीला चार दिवस राहू द्या" असं म्हणायची अप्पारावांची कधी छाती झाली नाही. त्यांच्या घरात पोरीच्या बापानं द्यायचं असतं, मागायचं नसतं.

या वर्षी धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आला होता. आणि या वर्षी हरिओमकडे कार होती. जुनी, पण टर्बो.

टर्बो

"टर्बो म्हंजे धुरावर फिरणारा पंखा," जुन्या जालन्यातल्या गॅरेजवाल्या पप्पूने समजावलं होतं. "इंजिनातून जो गरम धूर बाहेर फेकायचा, त्यालाच ही गाडी कामाला लावती. त्याच्या जोरावर जास्तीची हवा आत कोंबती. मंग ताकद येणार, आणि तापणारबी. फुकट काहीच भेटत न्हाई, हरिओम."

आदल्या आठवड्यात नुसत्या चढावर काटा वर गेला होता आणि लाल दिवा लागला होता, म्हणून हरिओम त्याच्याकडे गेला होता. पप्पूने रेडिएटर साफ केला, कूलंट बदललं, पंखा फिरवून पाहिला.

"झालं. आता हिला हात लावू नको."

"हात लावू नको" हे ज्याला ऐकता येतं, तो माणूस मुळात टर्बोची गाडी घेत नाही. हरिओमने घरी येऊन मोबाईलवर व्हिडिओ बघितले. कुठल्या तरी लांबच्या देशातला एक दाढीवाला बोनेटच्या बिजागरीखाली वॉशर बसवत होता. वॉशर टेंभुर्णीतही मिळतात.

वाळा

खरा उपाय मात्र हरिओमच्या आईने, उषाबाईंनी सुचवला.

जावईबापूंच्या खोलीतल्या कूलरला त्यांनी नवा वाळा बसवून घेतला होता. एक ताटी उरली होती. ती हातात धरून त्या अंगणात आल्या.

"काय रे हरी, माणसाला थंड वारा लागतो तो वाळ्यातूनच ना?"

"हो, माय."

"मंग गाडीला का न्हाई लागणार? पुढं जाळीमागं बांध, पाणी मार. वारा वाळ्यातून गेला की थंडच जाईल."

हरिओमने यात चूक शोधायचा प्रयत्न केला. अप्पारावांनीही केला. सापडली नाही. जालन्याच्या उन्हात ज्यांनी जन्मभर वाळ्याच्या वाऱ्यावर दुपारी काढल्या, त्यांना ती सापडणारही नव्हती. रेडिएटरला थंड हवेपेक्षा मोकळी हवा जास्त लागते, हे कूलरकडे बघून कळत नाही.

सुतळीने ताटी बांधली. वरून बादली ओतली. पहाटे हरिओम मंठ्याला निघाला आणि तिथे पोचल्यावर त्याने फोन केला, "माय, काटा जागचा हलला न्हाई!"

उषाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. ताटी ओली होती, ऊन अजून वर यायचं होतं आणि रस्ता रिकामा होता. सकाळी सगळ्यांचेच उपाय चालतात.

काटा

परत निघायला दुपार झाली, कारण बद्रीनाथांच्या दुकानात पेरणीआधीची गर्दी होती. ते पांढराशुभ्र शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले. सुरेखा मागे बसली. पर्स मांडीवर.

"थंड हे गाडी," बद्रीनाथ म्हणाले.

तीन वर्षांत हरिओमशी ते एवढं एकच गोड वाक्य बोलले होते. हरिओमला इतका आनंद झाला की त्याने एसी आणखी वाढवला.

वाटूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. एक बाजू खणलेली, दुसरीवरून दोन्हीकडची वाहनं. पुढे मुरुमाचे टिप्पर, मागे ट्रक, मध्ये हरिओम. धूळ एवढी की पुढच्या टिप्परचा नंबर दिसेना. ताटी केव्हाच वाळली होती. आता ती धूळ प्यायला लागली.

काटा हलला.

हरिओमने त्याच्याकडे बघितलं नाही. न बघितल्याने काही गोष्टी थांबतात, असं त्याला वाटत असे. मग एसीमधून कोमट वारा यायला लागला.

"एसी बंद केला का?" बद्रीनाथांनी विचारलं.

"न्हाई दाजी."

"मंग?"

"त्यानंच केला."

लाल दिवा लागला.

हीटर

"हॅलो, पप्पूभाऊ. काटा वर चाल्लाय."

"एसी बंद कर."

"तो आपोआप बंद झाला."

"तुझ्यापेक्षा गाडी हुशार हे. बाजूला घे आणि बंद कर."

"बाजूच न्हाई ना! इकडं खड्डा, मागं ट्रक."

"मंग जागा भेटेस्तोवर हीटर लाव."

"काय लावू?"

"हीटर! फुल! इंजिनाची गरमी आत खेचून घे."

"आत दाजी बसलेत, पप्पूभाऊ."

"मंग दाजीला म्हण, थोडी तुम्ही घ्या."

"फोन स्पीकरवर हे."

"नमस्कार दाजी."

"नमस्कार," बद्रीनाथ म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच हात पुढे करून हीटरचं बटण लाल खुणेकडे पूर्ण फिरवलं.

आत

मे महिना, दुपार, जालना जिल्हा, हीटर.

काचा खाली केल्या तर मुरुमाची धूळ, वर केल्या तर भट्टी. त्यांनी अर्ध्या ठेवल्या, त्यामुळे दोन्ही मिळालं. बद्रीनाथांनी शर्टचं वरचं बटण काढलं. मग पुढचं. मग शर्टच काढून नीट घडी केली आणि मांडीवर ठेवली. जावई बनियनवर आला.

काटा मात्र किंचित खाली आला. इंजिनाची उष्णता कुठे गेली नव्हती. तिने फक्त घर बदललं होतं. घरातही असंच होतं, हरिओमला वाटून गेलं. एकाचा ताप कमी होतो, तेव्हा दुसरा कुणीतरी तो अंगावर घेऊन गप्प बसलेला असतो. त्याने आरशात मागे बघितलं. सुरेखाचा चेहरा टमाट्यासारखा झाला होता आणि तिने तोंडाला पदर लावला होता. ती रडते आहे असं त्याला वाटलं.

ती हसत होती.

"अहो," ती म्हणाली, "मागच्या खेपेला पावसात भिजून रुसला होतात. आता काय ठरवलं?"

हरिओमने आरशातली नजर पटकन समोरच्या टिप्परवर लावली.

"इचार करून राह्यलो," बद्रीनाथ घाम पुसत म्हणाले. "पण डोकंच चालंना या गर्मीत."

बाहेर

काम संपलं तिथे एक चहाचं हॉटेल आणि कडुनिंबाचं झाड होतं. गाडी सावलीत उभी केली. हरिओम हात जोडून उभा राहिला, पण बद्रीनाथांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ते वाकून जाळीतून आत बघत होते.

"हे काय बसवलं?"

"वाळा."

"रेडिएटरपुढं वाळा?"

"मायनं सांगितलं. थंड वारा..."

इंजिन निवल्यावर बद्रीनाथांनी सुतळी तोडून ताटी ओढली. ती बाहेर आली तेव्हा वाळा कमी आणि मुरूमच जास्त होता. भिंतीचा तुकडा काढावा तशी ती त्यांनी झाडाला टेकवून ठेवली.

"आणि बोनेट मागून का उचललं?"

"गरमी बाहेर जायला."

"ती बाहेर न्हाई गेली. काचेखाली एसीची हवा घ्यायची जाळी हे, तिथून आपल्याच अंगावर येऊन राह्यली. पाना हे का?"

"राहू द्या दाजी, तुमचे हात..."

"पाना दे बे!"

"बे" ऐकून हरिओमला बरं वाटलं. जावई माणूस मेव्हण्याला "बे" म्हणत नाही. मित्र म्हणतात.

दोघांनी मिळून वॉशर काढले. बद्रीनाथांचे हात कोपरापर्यंत काळे झाले आणि ते बोलायला लागले. पेट्रोल, टर्बो, बियाणाचा भाव, मंठ्यातलं गॅरेज, जिथे कॉलेज सोडून ते वर्षभर काम करत होते, आणि वडिलांनी कान धरून दुकानात बसवलं होतं. हे सासरी कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"तुमच्याकडं मला पाटावरून उठूच देत न्हाईत," ते बोल्ट आवळत म्हणाले. "पाणी प्यायला उठलो तर तिघं जणं धावतात. दिवसभर बसून माणूस करंल काय? रुसायचं तेवढं एक काम ठेवलंय जावयाला. ते केलं मी."

सुरेखाने त्यांचा फोटो काढला. बनियन, काळे हात, दातात धरलेला पाना. बारा वर्षांत नवऱ्याचा इतका खुश फोटो तिच्याकडे नव्हता. म्हणून तिने तो घरच्या ग्रुपवर टाकला.

ग्रुप

*उषाबाई:* हे कोण

*सुरेखा:* तुझे जावई

*उषाबाई:* बनेनवर?

*उषाबाई:* आणि माझी ताटी अशी का दिसून राह्यली

*हरिओम:* माय घरी आल्यावर सांगतो

*अप्पाराव टाईप करत आहेत*

*अप्पाराव टाईप करत आहेत*

पुढे काही आलं नाही.

पाट

संध्याकाळी गाडी टेंभुर्णीत शिरली. काटा मधोमध, एसी थंड. दारात उषाबाई भाकरतुकडा ओवाळून टाकायला उभ्या होत्या. जावईबापूंचे हात बघून त्या आधी धुण्याची पावडर आणायला आत पळाल्या.

ओट्यावर अप्पाराव नव्हते.

पाट मांडला, रांगोळी काढली, समई लावली. धोंडे वाढले, त्यावर तूप. बद्रीनाथ पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा.

"मामा कुठं हेत?"

उषाबाई चुळबुळल्या. "आत पडलेत. भूक न्हाई म्हणतात."

आतल्या खोलीत अप्पाराव भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडले होते.

"उठा ना," उषाबाई दारातून कुजबुजल्या. "जावई खोळंबलेत."

"कोणत्या तोंडानं येऊ? धोंड्याच्या महिन्यात माझ्या पोरानं जावयाच्या हातात पाना दिला. साऱ्या ग्रुपनं पाह्यलं. मी न्हाई जेवत."

उषाबाई हरिओमकडे बघायला लागल्या, हरिओम सुरेखाकडे. अप्पारावांची समजूत कशी काढायची, हे कुणालाच येत नव्हतं. घराचा सगळा सराव जावयाची समजूत काढण्याचा होता. रुसव्याची जाण असलेला माणूस त्या घरात एकच होता, आणि तो पाटावरून उठला. या वेळी त्याला कुणी अडवलं नाही.

बद्रीनाथ ताट घेऊन आत गेले आणि बाजेच्या कडेला बसले.

"मामा, तुमच्या पोरानं न्हाई दिला. मी मागून घेतला पाना."

अप्पारावांनी गुडघे पोटाशी ओढून घेतले.

"बरं. काय दिलं म्हंजे राग जाईल?"

हा प्रश्न या घरातून नेहमी जावयाच्या बाजूला गेला होता. एकदा त्याचं उत्तर घड्याळ होतं, एकदा सफारीचं कापड. तो उलटा येईल असं अप्पारावांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. बाहेर कूलर घरघरत होता.

"सुरेखाला," ते भिंतीला म्हणाले, "आठ दिस ठेवा."

उषाबाईंच्या हातातली तुपाची वाटी हवेतच थांबली. मागायचं नसतं ते नानांनी मागितलं होतं.

बद्रीनाथ ताटाकडे बघत राहिले. "दुकानात गर्दी हे, मामा. घरी आईबी एकटीच..."

"मंग राहू द्या," अप्पाराव म्हणाले आणि भिंतीला आणखी जवळ सरकले.

"अहो, न्हाई कुठं म्हणलं? ठेवतो! ठेवतो आठ दिस."

"मला कोणी इचारलं का?" दारातून सुरेखाचा आवाज आला.

सगळे तिच्याकडे वळले. अप्पारावांनीही मान वळवली.

"पंधरा," सुरेखा म्हणाली.

"मामा," बद्रीनाथ म्हणाले, "हे जरा जास्त होऊन राह्यलं."

अप्पाराव उठून बसले, ताट स्वतःकडे ओढलं आणि पहिला धोंडा फोडला.

"अगं, नुसती उभी काय राह्यली?" ते उषाबाईंना म्हणाले. "जावईबापूला तूप वाढ."