न गळणाऱ्या टाकीची बातमी

आमच्या ‘लोहवैभव’ मासिकाचे धोरण स्पष्ट आहे. राष्ट्र पंचवार्षिक योजनेच्या मार्गाला लागले असताना उपनगरांतल्या लोखंडकामाच्या कारखान्यांची माहिती जनतेस मिळावी, आणि ती रंजक असावी. रंजक कशाला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार संपादक विद्याधरपंतांनी स्वतःकडे राखून ठेवला आहे. मी त्यांचा हंगामी विशेष प्रतिनिधी. एक रंजक कारखाना शोधून आण, लगेच कायम करतो, असे ते मला वारंवार आणि केवळ तोंडी सांगत.

म्हणून मी भांडुपला बॅप्टिस्टच्या कारखान्यात गेलो. तो पत्र्याच्या पाण्याच्या टाक्या करी. तापवलेले रिवेट ठोकून सांधे जोडायचे, टाकी अंगणात काठोकाठ भरायची आणि सांध्यांवर बाहेरून खडू फासायचा. खडूचे काम त्याची बायको सेराफिना करी. दुसऱ्या दिवशी खडू कोरडा असेल तरच टाकी फाटकाबाहेर जाई.

“आमची टाकी कधी गळाली नाय,” बॅप्टिस्ट म्हणाला.

मी तसे लिहून नेले. विद्याधरपंतांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. “टाकी गळत नाही, ही काय बातमी झाली? अरे, काहीतरी घडू दे ना!”

वरिष्ठांची सूचना ती. मी ऑफिसचा कॅमेरा घेऊन पुन्हा भांडुप गाठले. मुलुंडच्या एका प्रसूतिगृहाची टाकी तपासून, रिकामी करून, लॉरीची वाट पाहत अंगणात उभी होती. तिच्यात काहीही घडत नव्हते. मी बॅप्टिस्टला तळाचे चार रिवेट काढून पुन्हा ठोकायला सांगितले.

“बसलेला रिवेट काढायचा? कशाला बाबा?”

“राष्ट्राला काम चालू असलेलं दिसलं पाहिजे.”

सेराफिना फोटोसाठी रविवारचे लुगडे नेसून आली होती, माझ्यासाठी चहा ठेवला होता. पाहुण्याला नाही म्हणणे त्या घरात बसत नव्हते. भट्टीच्या धुराने फोटो खराब होतो, म्हणून रिवेट थंडच ठोकवले. फोटो उत्तम आला. तेवढ्यात लॉरी आली आणि सेराफिना खडू घेऊन पुढे झाली.

“खडू लावल्याशिवाय टाकी जायची नाय.”

“बाई, अंक आजच छापायला जातोय. मला टाकी लॉरीत चढताना हवी. छापून येणाऱ्या टाकीला खडू कशाला?”

छापून येणार म्हटल्यावर बॅप्टिस्ट असा काही फुलला की, त्याने बायकोलाच गप्प केले. टाकी गेली.

मुलुंडला गच्चीवर चढवून भरताच ती गळाली, थोडीथोडकी नव्हे. बाळंतिणींना खाटांसकट व्हरांड्यात आणावे लागले, आणि तोवर आत डॉक्टर एका हाताने छत्री धरून दुसऱ्याने नाड्या तपासत होते.

“झकास!” विद्याधरपंत ओरडले. ‘भांडुपची गळती’ हा पुढचा अंक हातोहात संपला. एक प्रत लोखंडाचा कोटा देणाऱ्या कचेरीतही पोचली. तिथून हुकूम निघाला: ‘सदरहू कारखानदार राष्ट्रीय लोखंडाचे रूपांतर राष्ट्रीय गळतीत करीत असल्याचे छापील पुराव्यावरून निदर्शनास आल्याने त्याचा कोटा तूर्त थांबविण्यात येत आहे.’

बॅप्टिस्टने मुलुंडला जाऊन टाकी उतरवली, तापवलेले रिवेट ठोकले, सेराफिनाने खडू लावला. खडू कोरडा राहिला. कचेरीला तो खडू चालेना. छापील पुरावा छापील पुराव्यानेच खोडता येतो, असा नियम होता. तेव्हा दोघे आमच्याकडे आली.

“साहेब, एकच ओळ छापा. टाकी गळत नाय. तेवढ्यानं कोटा सुटेल, नायतर भट्टी बंद,” बॅप्टिस्ट म्हणाला.

“पण ते वाचणार कोण?” विद्याधरपंत खरोखर कळवळून म्हणाले.

सेराफिना माझ्याकडे वळली. “तुमीच रिवेट काढायला लावले ना?”

“बाई, आम्ही घडवत नाही. आम्ही फक्त नोंद करतो.”

“तुमच्या तोंडालाच खडू फासून बघायला पाहिजे, किती गळतं ते!” ती म्हणाली आणि नवऱ्याला घेऊन गेली.

भट्टी बंद पडली. आम्ही ‘एका भट्टीचा अंत’ हा विशेषांक काढला. रडताना फोटो द्यायला सेराफिनाने साफ नकार दिला, म्हणून शेजारीण उभी केली. ती छान रडली. मी कायम झालो.

या अंकावर वाचकांची पत्रेच पत्रे आली. एवढ्या सचोटीच्या माणसाबद्दल आधीच दोन चांगले शब्द का छापले नाहीत, असे सगळ्यांनी खडसावून विचारले आहे. वाचकहो, उगाच हळहळू नका. ‘बॅप्टिस्टची टाकी गळत नाही’ एवढे सांगून मी थांबलो असतो, तर तुम्ही केव्हाच पान उलटले असते. रिवेट निघाले तेव्हा तुम्ही सरसावून बसलात, आणि टाकी मुलुंडला पोचेपर्यंत ती गळण्याचीच वाट बघत होतात.