काजुरोचं पाप आणि कानबाईचे रोट

काजुरोचा निकाल आज लावायचाच, असं हितेंद्रने सोमवारी सकाळीच ठरवलं होतं. घरात कानबाई देवीचा उत्सव, नदीवर विसर्जन, पाहुण्यांची निरोपानिरोपी, आणि याच्या डोक्यात काजुरो!

काजुरो म्हणजे जपानी कार्टून मालिकेतला तलवारबहाद्दर. कार्टून म्हटलं की हितेंद्रला राग यायचा. “अ‍ॅनिमे म्हणा,” असं तो सासऱ्यांनाही सुनावून बसला होता. या काजुरोने आधी गावं जाळली, स्वतःच्या गुरूला मारलं, आणि शेवटच्या भागात धरणाच्या दाराशी एकटा उभा राहून लोकांसाठी जीव दिला. एवढ्याने त्याचं पाप फिटलं की नाही? पाइपच्या कारखान्यात हितेंद्र आणि पियुष शेजारी शेजारी बसत आणि महिनाभर याच्यावर भांडत होते.

पियुष दुपारी घरी आला. जागरण झाल्यामुळे आई शेवंताबाई आणि वडील लोटननाना आत घोरत होते. बायको मोहिनी दिवस भरत आल्याने पाय वर करून पडली होती. वादाला याहून चांगली वेळ कुठली?

“जीव दिला ना त्याने. आणखी काय द्यायचं माणसाने?” हितेंद्र म्हणाला.

“जळलेली गावं परत उभी राहिली का? हा मरून मोकळा झाला. निस्तरायचं कोणी?”

“अरे, पश्चात्ताप बघ ना त्याचा!”

वाद पेटला तसा हितेंद्र स्वयंपाकघरात गेला, पाहुण्यापुढे काहीतरी ठेवावं म्हणून हाताला लागला तो डबा उचलला आणि मधे ठेवला. काजुरोची बाजू मांडताना त्याचं डब्याकडे लक्षच नव्हतं. पियुषचं होतं. तो बोटं चाटत म्हणाला, “काकूंच्या हाताला चव आहे हं.”

हितेंद्रने खाली पाहिलं. डब्यात कानबाईचे रोट होते!

पियुष अकोल्याचा, त्याला बिचाऱ्याला काय माहीत? पण हितेंद्र तर या रोटांवरच वाढला होता. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू घ्यायचे, त्याचे पुरणाचे रोट करायचे आणि ते घरच्यांनी, भाऊबंदांनीच संपवायचे. बाहेरच्याच्या तोंडी जाता कामा नये, आणि उरताही कामा नये. यंदा तर मोहिनीचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून शेवंताबाईंनी नवस बोलला होता.

हितेंद्र इंजिनिअर होता. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसला तरी भीती वाटायला काही अडत नाही. तेवढ्यात आतून मोहिनी कण्हली, आणि तो ताडकन उठला.

“तू जा. आत्ताच्या आत्ता जा.” त्याने पियुषला दंडाला धरून दाराबाहेर काढलं.

“अरे, मी हरलो नाहीये अजून!”

दार लावून तो वळला, तर समोर आई डबा उघडून उभी होती.

“रोट कोनी खादात?”

हितेंद्रला धरणाचं दार दिसलं, समोरून येणारं पाणी दिसलं. त्याने छाती पुढे काढली. “मी खादात, माय.”

आता आई आकांडतांडव करील, आपण सगळं सोसू आणि प्रकरण मिटेल, असा त्याचा हिशेब होता. पण शेवंताबाईंचे डोळे भरून आले. “तू? तू तं गोड खास नही रे! बस, बस आठे. आपला भाऊबंद हिलालभाऊना वाटाना रोट बी उरेल शेतस. त्यास्नी शुगर वाढी गयी. उरनात तं दोष लागस. आते बठ्ठा तूच खा.”

उरलेले सगळे रोट त्याच्या पुढ्यात ठेवून तिने तुपाचं भांडं आणलं. वर्षभर सकाळ-संध्याकाळ मोडाचे मूग खाणारा हितेंद्र पाटावर बसला. पहिला रोट त्याने मोहिनीसाठी खाल्ला, दुसरा बाळासाठी. पुढचे कोणासाठी खाल्ले ते त्याला आठवत नाही. घाम पुसत, देवीची मनातल्या मनात माफी मागत तो गिळत राहिला. मोहिनी दाराला टेकून बघत होती.

“अहो, काय केलंत तुम्ही?”

“कुठे काय?”

“पुरणपोळी नको म्हणून आमच्या माहेरी रुसून बसला होतात.”

एवढ्यात नाना उठले. चहापत्ती आणायला निघाले आणि दारातून ओरडले, “मन्ही नवी चप्पल कोठे शे? आठे ह्या कोना सँडल शेतस?”

हितेंद्रच्या हातातला घास तसाच राहिला. घाईत हाकललेला पियुष नानांची चप्पल घालून गेला होता! आणि भला माणूस ती परत करायला दारात उभाच होता. “काकू, चुकून चप्पल बदलली. आणि हो, रोट फार छान झाले होते.”

शेवंताबाईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं.

“माय, चूक मन्ही शे,” हितेंद्र पोट धरून म्हणाला. “म्हणून तं बठ्ठा मी खाई राह्यनू. जे व्हई ते माले होवू दे, मोहिनीले नको. आते तरी फिटनं ना?”

शेवंताबाईंनी त्याच्या पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं.

“तू खाई खाई मरी जाशी, त्यानी काय व्हई? कानबाई माय शे, पोलीस नही.” मग त्या पियुषकडे वळल्या. “ये भाऊ. रोट खादा ना तू, आते तू घरना व्हयना. पुढला साले तुन्हा नावनी बी मूठ टाकसू.”

मोहिनीचा चेहरा सैलावला. तो बघून हितेंद्रच्या छातीवरचं ओझं उतरलं. पोटातलं तेवढं राहिलं. तो खाटेकडे सरकला.

“कोठे चालना?” आई म्हणाली. “ऊठ, मोरीम्हा भांडा पडेल शेतस. सुनले वाकता येत नही.”

“तुमचा काजुरो मेला म्हणून सुटला,” मोहिनी म्हणाली. “त्याला भांडी घासावी लागली नाहीत.”

मोरीत दोन दिवसांच्या सणाचा ढीग होता. बाहेर घरचा झालेला पियुष पाटावर बसून उरलेले रोट संपवत होता. थोड्या वेळाने तो ताट घेऊनच मोरीपाशी आला.

“विचार केला मी. तुझं थोडं पटतंय. माणसाचं पाप फिटू शकतं.”

“थांब जरा,” हितेंद्र राख लावत म्हणाला. “अजून पुरणाची कढई राहिलीये.”